बाहेरच्या वळणावरून येणारा

दारात दोन माणसं समोरासमोर आली की आधी कोणी जायचं, याचा आमच्या मास्तरांकडे पक्का नियम होता. बाहेरून आत येणारा आधी. आतून बाहेर जाणाऱ्यानं थांबायचं. शिपाई असो नाहीतर तपासणीला आलेले साहेब असोत, नियम सगळ्यांना सारखा. एकदा स्टाफरूमच्या दारात मुख्याध्यापक बाहेर पडत होते आणि मास्तर आत येत होते. दोघंही थांबले. दोघंही समोरचा सरकेल म्हणून वाट बघत राहिले.

"सर, मी बाहेरून येतोय," मास्तर अदबीनं म्हणाले.

"मग?"

"लांबचं वळण घेऊन आलोय. हक्क माझा."

मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही वह्यांमध्ये डोकी घातली, आणि शेवटी तेच बाजूला झाले. मास्तर आत येऊन खुर्चीवर बसले ते एखादा सामना रीतसर पार पडावा तसे, समाधानानं.

ते शाळेत खेळ शिकवायचे आणि मी इंग्रजी. शाळा हुबळीत, घरं दोघांचीही धारवाडला मळमड्डीत, त्यामुळे रोजची बस एकच. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच असायचं. आंघोळीपुरतं काढत असतील, खात्री नाही. बस सुटली की ते बटण दाबायचे. नवलूर आलं की माझ्याकडे वळून म्हणायचे, "इंग्लिशसर, आज बावीस सेकंद मागं." ड्रायव्हर ओळखीचा होता. तो आरशातून ओरडायचा, "तडी मास्तर, जरा थांबा, पुढं भरून काढतो." आणि खरंच भरून काढायचा.

हे सगळं आठवून लिहायला मला बरं वाटतंय, पण मी त्यासाठी लिहायला बसलेलो नाही. मास्तरांबद्दल एक गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते. ती अशी, की या माणसानं शर्यतीचा एक नियम स्वतःच्या डोक्यातून काढला आणि त्यापायी एका चांगल्या खेळाडूचं हाड मोडलं. ती गोष्ट खोटी आहे. नियम खरा होता. खोटं मी बोललो. या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे, आणि जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवायचं आहे.

नियम आला एका पुस्तकातून. मास्तरांना ते हुबळीच्या जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात सापडलं. पातळसं, इंग्रजी, वरच्या चित्रात कमरेत वाकून बर्फावरून सुसाट जाणारा एक माणूस. मास्तरांचं सगळं शिक्षण कानडी शाळेत झालेलं, घरी मराठी, इंग्रजी जेमतेम. पुस्तक घेऊन ते संध्याकाळी माझ्याकडे आले. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायचो आणि ते वहीत उतरवून घ्यायचे. वाक्यं मराठी, अक्षरं कानडी. महिनाभर हे चाललं. आमची ही त्यांच्यासाठी चहा ठेवायची तेव्हा आतून विचारायची, "आज बर्फ कुठंवर आला?"

बर्फावरच्या या धावण्यात एका वेळी दोघंच असतात. लांबट गोल मार्ग, त्यात दोन पट्टे. आतल्या पट्ट्याचं वळण आखूड, बाहेरच्याचं लांब. म्हणून अर्ध्यात, सरळ भागावर, दोघांनी पट्टे बदलायचे. आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. दोघं अगदी एकाच क्षणी तिथं पोचले तर? तर बाहेरून येणाऱ्याचा हक्क पहिला. तो लांबचं वळण घेऊन आलेला असतो. आतल्यानं वेग आवरून त्याला जाऊ द्यायचं. नाही दिलं तर आतला बाद. आणि ज्याची वाट अडली त्याला पंच परत एकदा धावू देतात. एकट्याला. शेजारी कोणी नाही, फक्त घड्याळ.

हा शेवटचा भाग मी सांगितला तेव्हा मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"एकट्याला?" ते म्हणाले. "परत?"

"हो."

"काय माणसं आहेत हो. हे कुणीतरी बसून विचार करून लिहिलंय."

त्या दिवसापासून ते जगच त्या नियमानं चालवू लागले. दारं, जिने, बोळ, सगळीकडे. शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर त्यांनी चुन्यानं आणि गेरूनं दोन पट्टे आखले आणि चाकाच्या बुटांवर पोरांना धावायला शिकवलं. दोघादोघांच्या जोड्या. लोकांना ते पटायचं नाही. पुढं आलेला जिंकत कसा नाही, असं विचारायचे. मास्तर म्हणायचे, "शेजारच्याला हरवून काय मिळणार? घड्याळाला विचारा." पोरं त्यांना बर्फाचे मास्तर म्हणू लागली. त्यांनी स्वतः बर्फ पाहिला होता तो सोड्याच्या दुकानात आणि मासळीच्या गाडीवर.

त्यावरून आठवलं. एका एप्रिलमध्ये त्यांनी कारखान्यातून भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या दोन लाद्या आणल्या. त्याआधी लोहाराकडून जुन्या बुटांच्या तळाला विळीची पाती बसवून घेतली होती. घराच्या पुढच्या फरशीवर लाद्या एकापुढं एक मांडल्या. आम्ही गल्लीतले दहाबारा जण बघायला. मास्तर चढले, वाकले, डावा हात पाठीवर घेतला, अगदी चित्रातल्यासारखा. मग एकदम सुटले आणि लाद्या संपल्यावर समोर उभ्या असलेल्या स्कूटरला मिठी मारली. स्कूटर आडवी, तिच्यावर मास्तर, आणि त्यांची बायको दारातून शांतपणे विचारते, "अहो, झालं का?"

मास्तर उठले, कोपर झटकलं, आणि घड्याळ बघायचं राहून गेलं याचंच त्यांना वाईट वाटलं. "दोन हात गेलो असेन," मला म्हणाले. "पण बर्फावरून."

मास्तरांच्या हाताखाली दोन खेळाडू खरोखर तयार झाले. दोघंही कॉलेजातले. एक हुबळीच्या कापडवाल्यांचा मुलगा. त्यांचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी सांगलीकडून आलेलं, बाजारात मोठं दुकान. दुसरा माझा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवला. अभ्यासात त्याचं लक्ष नव्हतं, पायांत मात्र वारं होतं. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीची एक जागा निघाली होती. मुलाखतीला जाताना जिल्ह्यात पहिला आल्याचं सर्टिफिकेट लागणार होतं. ती शर्यत आमच्याच मैदानावर व्हायची होती, मास्तरांच्या दोन पट्ट्यांवर.

शेवटच्या जोडीत हे दोघं आले. भाऊ आतल्या पट्ट्यात, कापडवाल्यांचा मुलगा बाहेरच्या. पट्टे बदलायच्या जागी लाल निशाण घेऊन मी उभा होतो, कोणी वाट अडवली तर ते वर करायचं. मास्तरांनी मला मुद्दाम तिथं ठेवलं होतं. म्हणाले होते, "इंग्लिशसर, नियम तुमच्या तोंडून ऐकलाय मी. तिथं तुम्हीच पाहिजेत."

दोघं वळणातून बाहेर पडले ते अगदी बरोबरीनं. थांबायचं होतं माझ्या भावानं. त्याला ते माहीत होतं. त्यानं एकदा उजवीकडे पाहिलं, आणि वेग कमी केला नाही. कापडवाल्यांचा मुलगा सरळ आत आला. दोघं आदळले. भाऊ कसाबसा सावरून पुढं गेला आणि शेवटची रेषा ओलांडली. दुसरा सिमेंटवर पडला. त्याच्या गळ्याशी, खांद्याजवळचं हाड मोडलं, तो आवाज मी ऐकला. निशाण माझ्या हातात होतं. ते खालीच राहिलं.

मास्तर धावत आले. त्यांनी पोराला उचलून रिक्षात घातलं, आणि रिक्षा हलायच्या आत तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आतला बाद. हा बरा झाला की परत धावेल. एकटा." लोक खवळले. पोराचं हाड मोडलंय आणि हा वेडा नियम सांगतोय. कापडवाल्यांकडची माणसं तर मास्तरांच्या अंगावर आली. दोष त्यांचाच, म्हणाली, असल्या भलत्या आडव्या रेघा मारून ठेवल्यात, पोरं आपटणार नाहीत तर काय.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या समितीपुढं चौकशी झाली. मास्तरांनी वही पुढं केली. अध्यक्षांनी उलटीपालटी करून बघितली.

"हे तर तुमचंच अक्षर. पुस्तक कुठाय?"

"इंग्लिशसरांकडे असेल. वाचलंय त्यांनीच."

सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही इंग्रजीचे. तुम्ही सांगाल ते आम्ही धरून चालू. बाहेरून येणाऱ्यानं आधी जायचं, असा नियम पुस्तकात आहे?"

पुस्तक त्या क्षणी माझ्या घरी तांदळाच्या डब्यामागं होतं. आदल्या रात्री मीच ते तिथं ठेवलं होतं. नियम आहे म्हटलं असतं तर भाऊ बाद, सर्टिफिकेट नाही, नोकरी नाही.

मी म्हणालो, "पुस्तक मी मास्तरांना परत दिलंय. आणि असा नियम वाचल्याचं मला आठवत नाही."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी वही मिटली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग माझीच समजूत चुकली असेल. माझं इंग्रजी कच्चं आहे." त्यात टोमणा नव्हता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, स्वतःवर नाही. टोमणा असता तर मी निदान रागावू शकलो असतो.

मैदानावरच्या रेघा पुसल्या गेल्या. मास्तर पुढं निवृत्त होईपर्यंत पोरांकडून कवायत करून घेत राहिले, पण शर्यत म्हणून कधी लावली नाही. गळ्यातलं घड्याळ गेलं. बस नवलूरला कधी पोचते याची चौकशी थांबली. ड्रायव्हरनं एकदोनदा आरशातून विचारलं, "मास्तर, आज किती?" त्यांनी नुसता हात हलवला. आणि दारं. दारात कोणीही समोर आलं, आतून येवो की बाहेरून, मास्तर मागं सरकून भिंतीला चिकटून उभे राहायचे. पोरांना ते कळलं. ती मुद्दाम चारचारदा आतबाहेर करायची आणि हे तिथंच उभे. मी आधीची बस पकडू लागलो.

भावाला नोकरी लागली. चांगली केली त्यानं. ती करून तो निवृत्तही झाला.

या फेब्रुवारीत तो माझ्याकडे आला होता. संध्याकाळची वेळ, टीव्हीवर परदेशातल्या हिवाळी स्पर्धा चालू होत्या. नातवानं लावून दिल्या आणि तो क्लासला गेला. पुरुषांची पाचशे मीटरची शर्यत. पांढरा मार्ग, दोन पट्टे, दोघादोघांच्या जोड्या. मी चाळीस वर्षं मनात बघितलेली गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो. चॅनल बदल, असं कोणी म्हटलं नाही.

पाचव्या की सहाव्या जोडीत ते झालं. दोघं वळणातून बरोबरीनं निघाले. आतल्यानं वेग आवरला नाही. बाहेरून येणाऱ्याला एकदम ताठ व्हावं लागलं, हात पसरले, तोल सावरला, वेग गेला. पडला नाही इतकंच.

भाऊ पुढं वाकला. "अण्णा," तो म्हणाला, "हा मी."

पंचांनी आतल्याला बाद केलं. टीव्हीवरचा बोलणारा सांगत होता की दुसऱ्याला परत संधी मिळणार, सगळ्या जोड्या संपल्यावर. आम्ही बसून राहिलो. जोड्या संपल्या. मग रिकाम्या बर्फावर तो एकटा आला. शेजारचा पट्टा मोकळा. एवढं मोठं सभागृह आणि तो एकटा वाकून उभा. बार झाला आणि तो सुटला. पस्तीस सेकंद असतील नसतील. पदक मिळालं नाही त्याला. पण त्याच्या नावापुढं त्याची वेळ लागली, आणि त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारून छातीभर श्वास सोडला. तो मला दिसला. मीही सोडला.

"पुस्तक आहे अजून?" भावानं विचारलं.

"आहे."

"मग नेऊन दे. माझं काय जाणार आता? पेन्शन थोडीच परत घेतील?" मग म्हणाला, "घेतली तरी घेऊ दे. मी बघितलं होतं त्याला, अण्णा. उजवीकडे. तुला वाटत असेल मला दिसला नाही."

"तू बघितलंस ते मी बघितलं होतं," मी म्हणालो. हे आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच सांगत होतो.

मास्तर आता शहाऐंशींचे आहेत, हुबळीला विद्यानगरात मुलीकडे राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक पिशवीत घालून मी बसनं गेलो. नवलूर आलं तेव्हा मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

मुलगी म्हणाली, "बर्री काका, या. अप्पा पुढं उन्हात बसलेत." मास्तर अंगणात खुर्चीवर होते, पुढ्यात चार पायांची काठी. माझ्याकडे बघून म्हणाले, "इंग्लिशसर, वाळलात की हो."

मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग सगळं सांगितलं. तांदळाचा डबा, भाऊ, निशाण, आणि टीव्हीवर पाहिलेली ती एकट्याची धाव, पस्तीस सेकंदांची. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. आधी इंग्रजी, मग मराठी.

"परत."

परत वाचलं. त्यांनी मुलीला हाक मारून जुनी वही आणवली. बोट ठेवत ठेवत स्वतःची कानडी अक्षरं वाचली. मी पुस्तकातलं वाचत होतो, ते वहीतलं. दोन्ही शब्दाला शब्द जुळत गेलं.

"म्हणजे मला बरोबर समजलं होतं," ते म्हणाले.

"होय."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"होय."

त्यांनी वही मिटली. "चव्वेचाळीस वर्षं, इंग्लिशसर. पाचशे मीटर पस्तीस सेकंदांत होतं." शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं असं मला वाटत होतं, तेवढ्यात ते मुलीला म्हणाले, "अक्का, यांना ती ट्रंक दाखव."

ती मला आत घेऊन गेली. पलंगाखालच्या ट्रंकेत पंचे होते. घडी न मोडलेले, एकावर एक, तळचे पिवळे पडलेले. "दर दसऱ्याला अप्पा कापडवाल्यांच्या दुकानात जातात आणि एक पंचा घेतात," ती म्हणाली. "वापरू देत नाहीत कुणाला. आई होती तोवर विचारून दमली."

मी बाहेर आलो. मास्तर म्हणाले, "त्याचा डावा खांदा पुरता वर होत नाही. वरच्या फळीवरचं कापड तो उजव्या हातानं काढतो. वर्षातनं एकदा जाऊन मी ते बघायचो. माझ्या चुकीच्या समजुतीनं झालंय, तर निदान बघावं."

मग त्यांनीच त्याला फोन लावायला सांगितला. दुकानाच्या मालकानं उचलला, मागं गिऱ्हाइकांचा गलबला. मी नाव सांगितलं, आणि जे मास्तरांना सांगितलं तेच त्याला सांगितलं. आवाज मोठा ठेवला, मास्तरांना ऐकू यावं म्हणून.

मग तो म्हणाला, "सर, नियम मला ठाऊकच होता. मास्तरांनीच शिकवला होता. म्हणून तर मी थांबलो नाही." आणि लगेच, "मास्तर आहेत का तिथं? मास्तर, म्हणजे ते पंचे तुम्ही यासाठी नेत होता? मी आपलं समजायचो तुम्हाला घाम फार येतो."

मास्तर हसले. मी त्यांना हसताना किती वर्षांनी पाहिलं याचा हिशेब लागला नाही.

"तुझी एक धाव राहिलीय," ते फोनकडे वाकून म्हणाले. "एकट्याची."

"मास्तर, गुडघे दोन्ही बदललेत माझे."

"सावकाश ये. मी वेळ लावतो."

"येतो. रविवारी दुकान बंद असतं."

"तेव्हा यांचा भाऊही येईल," मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले. "तो निशाण धरेल. आणि वर करेल." मी मान हलवली.

मुलीनं आतून हाक मारली, गिरमिट झालंय, चुरमुरे मऊ पडतील. मास्तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मला उठायला वेळ लागतो. मी आत जाऊन दोन बश्या घेतल्या, त्यांची त्यांना बाहेरच नेऊन द्यावी म्हणून परत निघालो. दाराशी आलो तर ते चार पायांची काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले होते. मी आतून, ते बाहेरून. सवयीनं मी थांबलो नाही, कारण इतकी वर्षं तेच भिंतीला चिकटून उभे राहत आले होते.

ते हलले नाहीत. काठी त्यांनी उंबऱ्याच्या मधोमध टेकली.

"इंग्लिशसर," ते म्हणाले, "मी बाहेरून येतोय."

मी दोन्ही बश्या सावरत मागं सरलो, आणि मास्तर आत आले.